सात पानांचा फुटवा

११ नोव्हेंबर

गुलाब मंडळाचे वार्षिक प्रदर्शन आज संपले. 'एक दांडा, एक फूल' या वर्गातील ढाल सलग पाचव्या वर्षी माझ्याकडे आली. फूल निर्दोष होते असे मी म्हणत नाही. बाहेरच्या एका पाकळीची कड किंचित दुमडली होती. ती परीक्षकांच्या नजरेतून सुटली. हायब्रिड टी गुलाबाकडून जे अपेक्षावे, म्हणजे उंच घट्ट केंद्र, त्याभोवती क्रमाने उलगडणाऱ्या पाकळ्या आणि काठीसारखा सरळ दांडा, ते बाकी सर्व होते.

पत्नी माझ्या टेबलापाशी चार मिनिटे थांबली. मास्तरांच्या टेबलापाशी चाळीस. मास्तर म्हणजे आमच्या घरासमोर राहणारा शिंपी. पुढे दुकान, मागे राहण्याची खोली, बाजूला अंगण आणि अंगणात वीस-बावीस गुलाब. त्याचे फूल तिसरेसुद्धा आले नाही. तेव्हा तेथे चाळीस मिनिटे पाहण्यासारखे काय होते, असे मी परतताना विचारले.

"फूल कुठे बघत होते? बोलत होतो आम्ही."

"कशाबद्दल?"

"गुलाबांबद्दलच की."

गुलाबांबद्दल बोलायचे होते तर ढाल हातात असलेला माणूस तिच्या शेजारीच चालत होता. हे मी बोललो नाही. येथे लिहून ठेवतो.

१४ नोव्हेंबर

एका विसंगतीची नोंद. मी चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. मला कोणी कधी मास्तर म्हटले नाही. समोरचा माणूस बाह्या आणि कॉलर कापतो, त्याला सारी गल्ली मास्तर म्हणते. माझे विद्यार्थी माझ्या मागे मला 'म्हणून सर' म्हणत असत. हे मला निवृत्तीनंतर कळले. सांगणारी माझी पत्नीच होती, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हते.

१९ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना पत्नी म्हणाली, "अहो, मास्तरांकडे एक नवीनच गुलाब फुललाय. कुठल्याच यादीत नाही असा."

मी विचारले, 'नवीन' या शब्दाने तिला नेमके काय अभिप्रेत आहे? तिने पूर्वी पाहिलेला नाही असा, की अस्तित्वातच नव्हता असा? दुसरा अर्थ असेल तर तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्या मी क्रमाने सांगितल्या. दुसऱ्या अटीला एक पोटअट आहे, तीही सांगितली. माझे संपेपर्यंत तिने दोन्ही कप विसळून ठेवले होते.

विषय पुन्हा निघाला नाही. शंकेचे निरसन झाले असावे.

२ डिसेंबर

मला मत्सर वाटतो काय, हा प्रश्न आज मी स्वतःसमोर रीतसर मांडला. मत्सरासाठी दोन गोष्टी लागतात. एक, दुसऱ्याकडे असे काही असावे जे आपल्याकडे नाही. दोन, ते आपल्याला हवे असावे. मास्तरांकडे बावीस झाडे, माझ्याकडे बेचाळीस. त्यांच्या झाडांवर काळे ठिपके आहेत. माझ्या झाडांवर एकही नाही. त्यांच्याकडे ढाल नाही. पहिलीच अट पूर्ण होत नाही. सबब मत्सर नाही.

तरीही काही निरीक्षणे. आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत माझी सव्वीस पावले होतात. पत्नी दुपारी चारला जाते आणि साडेपाचनंतर येते. तिने रक्तपेढीत एकतीस वर्षे नोकरी केली. वेळेच्या बाबतीत ती माझ्याहून काटेकोर होती. शिवण्याचे कपडे घेऊन जाताना मी तिला एकदाही पाहिलेले नाही. गेल्या आठवड्यात ती कपाटाचे दार लावताना स्वतःशीच म्हणाली, "बसतंय, बसतंय, हां, बसलं." हे शब्द तिचे नाहीत. मास्तर कपड्याचे माप घेताना असे बोलतात.

ते तिला 'ताई' म्हणतात. हा शब्द निर्दोष आहे. अतिशय सोयीचाही आहे.

९ डिसेंबर

पत्नी आज साडेचारलाच परत आली. डोळे लाल होते. डाव्या हाताच्या तर्जनीला काट्याचे तीन ओरखडे.

"काय झालं?"

"मास्तरांकडचं ते रोप गेलं. मुळंच कुजली. एक काडी तेवढी हिरवी राहिलीय."

मी म्हणालो, मुळे कुजण्याचे कारण नव्याण्णव टक्के अतिरिक्त पाणी असते आणि उरलेला एक टक्का म्हणजे ते पाणी साठून राहणे.

"हो," ती म्हणाली.

या वहीत खोटे लिहायचे नाही असा माझा नियम आहे. म्हणून लिहितो: मला बरे वाटले. एक गुलाब मेला आणि मला बरे वाटले. संध्याकाळी मी माझ्या झाडांना दुप्पट वेळ दिला, त्यामागे हेच असावे.

मग ती पुन्हा समोर गेली. त्या एका हिरव्या काडीचे काहीतरी करायचे होते म्हणे.

३ जानेवारी

पत्नीने समोरून एक कुंडी आणली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. मी फाटक उघडले.

"मास्तरांनी दिली?"

"मास्तरांकडून आणली. त्यांच्या अंगणात आता भिंतीची सावली येते. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सकाळचं ऊन चांगलं आहे."

कुंडीत एक खोड आहे, दीड फूट उंच. वर पाचसहा डहाळ्या आणि बऱ्यापैकी पालवी. बुंध्याशी माती जरा जास्तच ओढलेली. फूल नाही, कळी नाही. माझ्या बेचाळीसांच्या शेजारी हे ठेवणे म्हणजे काय, ते मी बोललो नाही. ती म्हणाली, "जपायला हवं याला. हे एकच आहे."

मी म्हणालो, प्रत्येक झाड एकच असते.

तिने माझ्याकडे पाहिले. मग कुंडीची दिशा थोडी फिरवली आणि आत गेली.

७ जानेवारी

ती सकाळी उठून आधी कुंडीपाशी जाते. चष्मा कपाळावर चढवून, वाकून बुंध्याकडे बघते. पालवीकडे नाही, बुंध्याकडे. आज मास्तर फाटकाशी आले आणि त्यांनी तिथूनच विचारले, "काय ताई, डोळा उघडला का?"

"किलकिला झालाय!"

दोघेही हसले. मी पाच फुटांवर छाटणीची कात्री पुसत होतो. कोणाचा डोळा, कसला डोळा, ते मला सांगण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. मीही विचारले नाही. विचारणे म्हणजे माहीत नसल्याची कबुली देणे; आणि ती मी त्या माणसासमोर देणार नाही.

१२ जानेवारी

मुलीची शस्त्रक्रिया ठरली. गंभीर नाही, परंतु तीन-चार आठवडे घरात कोणीतरी हवे. पत्नी आज सकाळी गेली.

जाताना तिने स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. गॅस, दूधवाला, माझ्या गोळ्या. शेवटी कुंडी. शब्दशः उतरवतो: 'एक दिवसाआड पाणी. फवारणी नको. कात्री नको.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ. आणि त्याखाली: 'काही वाटलं तर मास्तरांना विचारा.'

पाच वर्षे ढाल घेणाऱ्या माणसाला लेखी सूचना: कात्री नको. शंका आल्यास शिंप्याकडे जावे.

१५ जानेवारी

फोन आला. मुलगी बरी आहे. त्यानंतरचा पहिला प्रश्न:

"कुंडी कशी आहे?"

"जिथे होती तिथे आहे."

"अहो, तसं नव्हे. खालून काही हललंय का?"

"खालून म्हणजे?"

तेवढ्यात मुलीने तिला हाक मारली. "उद्या बोलू," म्हणाली. मी कसा आहे, हे तिने फोन ठेवता ठेवता विचारले.

१८ जानेवारी

मास्तर काल आणि आज फाटकाबाहेरून मान उंच करून पाहत होते. आज म्हणाले, "सर, येऊ का जरा आत? ताई सांगून गेल्यात, अधूनमधून बघा म्हणून."

मी म्हणालो, सर्व व्यवस्थित आहे.

"हो, ते आहेच हो. तुमच्या हाताखाली काय बिघडणार? पण एकदा नजर टाकली असती."

मी म्हणालो, मी आंघोळीला निघालो आहे. ते गेले. मी आंघोळ सकाळी सहालाच केली होती.

२५ जानेवारी

आज कुंडीसंबंधी निर्णय घेतला आणि अमलात आणला. कारणे तपशिलाने नोंदवतो. पत्नी परतल्यावर विचारणा होईल तेव्हा ती तयार असावीत.

गेल्या दहा दिवसांत बुंध्यातून, मातीलगत, एक नवा फुटवा जोमाने वर आला आहे. आजची लांबी नऊ इंच. रंग तांबूस, काटे बारीक, वाढ वरच्या पालवीपेक्षा कितीतरी वेगवान. बाजारात मिळणारे गुलाबाचे झाड दोन झाडांचे बनलेले असते, हे आमच्या मंडळातल्या नवख्यालाही ठाऊक आहे. खाली रानगुलाबाचा खुंट, कारण त्याची मुळे चिवट. त्यावर चांगल्या जातीचे कलम. कधीकधी खालचा खुंट स्वतःच फुटवा काढतो. तो रानफुटवा. तो वेळीच काढला नाही तर सारे अन्न खातो आणि वरचे चांगले झाड उपाशी मरते. ओळखण्याची खूण सर्वमान्य आहे: चांगल्या गुलाबाच्या एका देठावर पाच पाने, रानफुटव्याच्या देठावर सात.

मी भिंग घेऊन मोजले. वरच्या पालवीत प्रत्येक देठावर पाच. खालच्या फुटव्यावर, सहापैकी सहा देठांवर, सात.

रानफुटव्याला सात पाने असतात. या फुटव्याला सात पाने आहेत. म्हणून हा रानफुटवा.

मास्तरांनी पत्नीच्या हाती जे झाड दिले ते रानटी होऊ लागले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. इतकेच नव्हे, ती दोघे ज्या 'खालून हलण्या'ची वाट पाहत होती, ते हेच असावे! हे लक्षात आले तेव्हा मला जे वाटले त्याला आनंद हाच शब्द आहे. ती इतके महिने ज्याच्याकडे शिकायला जात होती, त्याला रान आणि गुलाब यांतला फरक कळत नाही.

'कात्री नको' ही सूचना सर्वसाधारण परिस्थितीसाठी होती. ही आपत्कालीन परिस्थिती आहे. मास्तरांना विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ज्याच्या चुकीविषयी निर्णय द्यायचा त्याचेच मत घेता येत नाही.

दुपारी साडेतीनला फुटवा बुंध्याशी घासून कापला. मी खुंटी ठेवत नाही. कापलेला फुटवा पाण्याच्या पेल्यात ठेवून लिहिण्याच्या टेबलावर ठेवला आहे. पत्नी आली की पाने मोजून दाखवता येतील.

नोंदीत एक त्रुटी राहते ती लिहून ठेवतो. फुटवा नेमका कोठून निघाला ते माती उकरून पाहावे, असे मी मंडळाच्या व्याख्यानांत दरवर्षी सांगतो. आज उकरले नाही. गरज भासली नाही.

२६ जानेवारी

सविस्तर आणि क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला मास्तर आले आणि परवानगी न विचारता सरळ खिडकीखाली गेले. मी कारणांचा कागद घेऊन बाहेर आलो. ते उकिडवे बसले होते. त्यांनी दोन बोटांनी बुंध्याची माती बाजूला केली. खाली खोडावर 'टी'च्या आकाराची एक जुनी चीर होती, भरून आलेली, आणि तिच्या मध्यभागी माझ्या कात्रीची ताजी पांढरी खूण.

मास्तरांनी त्या खुणेवरची माती फुंकून उडवली. मग म्हणाले, "सर, इथला फुटवा?"

"कापला. रानफुटवा होता. सात पाने."

"रान तर वरचं आहे, सर."

मी ते वाक्य पुन्हा उच्चारायला सांगितले.

"वरची सगळी पालवी खुंटाची आहे. डोळा जगेपर्यंत त्याला अन्न मिळावं म्हणून ठेवतात ती, मग उडवायची. आमच्या या खुंटाला पाचच पानं येतात. आणि ताईंच्या गुलाबाला सात. पहिल्या दिवसापासून सात."

"ताईंच्या?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ताईंनी तुम्हाला सांगितलंच नाही?"

मग सांगितले. गेल्या वर्षी थंडीत पत्नीने मास्तरांच्या पिवळ्या गुलाबाचे फूल उमलण्याआधीच सोलले, त्याचे पुंकेसर चिमट्याने काढले आणि त्यावर परागकण लावले. ब्रशने, तीन दिवस, रोज. फळ धरले. त्यात बिया निघाल्या अकरा. त्या तिने फ्रिजमध्ये ओल्या कागदात ठेवल्या. मला तो कागद आठवतो. मी म्हणालो होतो, फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असावी. अकरांतून दोन उगवल्या. एक रोप लहानपणीच गेले. दुसऱ्याला नोव्हेंबरात फूल आले, दुधात केशर पडावे तसे. जगात त्या रंगाचा, त्या बांध्याचा दुसरा गुलाब नाही. असणे शक्यच नाही, कारण बीजातून आलेले प्रत्येक रोप निराळे असते. मग त्याची मुळे कुजली. उरलेल्या हिरव्या काडीवर तीन डोळे होते. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, ज्यातून पुढे फांदी होते. तिन्ही डोळे तीन खुंटांवर, सालीला चीर देऊन, भरले. दोन वाळले.

"तिसरा हा," मास्तर म्हणाले आणि कात्रीच्या खुणेवर बोट ठेवले. "अर्धा इंच जरी ठेवला असतात..."

"परागकण कोणाचे होते?" मी विचारले. का विचारले, ठाऊक नाही.

"तुमच्याच ढालीच्या लाल गुलाबाचे, सर. आई माझ्याकडची, बाप तुमच्याकडचा. ताई म्हणायच्या, फुलू दे नीट, मग दाखवते त्यांना. आधीच दाखवलं तर व्याख्या विचारतील."

त्यांनी हे टोमणा म्हणून सांगितले नाही. तसे सांगितले असते तर सोपे गेले असते.

मग एकदम उठून म्हणाले, "टाकला कुठे तो? उकिरड्यात?"

"नाही. माझ्या टेबलावर आहे. पाण्यात."

"पाण्यात? कशाला?"

"पुरावा म्हणून."

मास्तर इतक्या मोठ्याने हसले की फाटकावरचे पाखरू उडाले. "अहो सर! आणा, आणा तो पुरावा!"

फुटव्यावर सहा डोळे होते. चार कोवळे, निरुपयोगी. दोन जेमतेम. खुंटही दोन: एक या कुंडीतलाच, एक मास्तरांच्या अंगणात. कुंडी मास्तरांनी उचलली; मी पेला दोन्ही हातांनी धरून गल्ली ओलांडली. सव्वीस पावले आज कितीतरी जास्त वाटली.

अंगणात एक स्टूल, त्यावर धारदार चाकू, शिवणाच्या चिंधीसारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि ओला रुमाल. मास्तरांनी अंगणातल्या खुंटाच्या सालीवर 'टी' कापला, दोन्ही पाकळ्या चाकूच्या पाठीने उचलल्या आणि मला म्हणाले, "बसवा."

"मी?"

"मोतीबिंदू आहे मला. कापड हाताला कळतं. हे डोळ्याला दिसावं लागतं, आणि मला एकाचे दोन दिसतात. मी चीर द्यायचो, डोळा ताईच बसवायच्या. रक्तपेढीतला हात! एकदा धरला की हलत नाही."

चार ते साडेपाच, इतके महिने, ती तेथे काय करत होती ते आता मला कळले. मला वाटले होते की कळल्यावर मत्सर शमेल. तसे झाले नाही. तो अधिक नेमका झाला. तिचा हात हलत नाही हे या माणसाला ठाऊक होते. मी तिच्याशी त्रेचाळीस वर्षे संसार केला आणि मला ठाऊक नव्हते.

मास्तरांनी पहिला डोळा सालीच्या ढलप्यासह कापून माझ्या नखावर ठेवला. मी विचारले, आतला लाकडाचा पापुद्रा काढावा की ठेवावा? ठेवल्यास तो सांधण्यास आड येणार नाही काय?

"सर, बसवा."

"परंतु दिशा..."

"टोक वर! बसवा, सर, सुकतंय ते! चर्चा नंतर!"

मी बसवला तेव्हा ढलप्याची कड तपकिरी झाली होती. मास्तरांनी पट्टी गुंडाळली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आशा नव्हती.

दुसरा डोळा, कुंडीतल्या खुंटावर. शेवटचा. या वेळी मी काही विचारले नाही. चिरेत सरकवला, तो मध्येच अडला; मास्तर कानाशी हळू म्हणाले, "बसतंय, बसतंय," आणि तो बसला. पट्टी मी बांधली. माझा हात हलत होता, परंतु बसला.

"किती दिवसांनी कळेल?"

"वीस-बावीस. हिरवा राहिला तर लागला. काळा पडला तर..." ते थांबले. "ताईंना मी काही बोलणार नाही, सर. हवं तर लागल्यावरच सांगा. तोवर कशाला उगाच त्यांच्या जिवाला घोर?"

चांगल्या मनाने ते असे म्हणाले. मी घरी येऊन विचार केला. डोळा लागल्यावर सांगितले तर ती एक हकिकत होईल: असे झाले होते, पण निभावले. न लागल्यावर सांगितले तर तो निकाल होईल. कबुली म्हणता येईल असे सांगणे निकाल कळण्यापूर्वीच शक्य आहे. दुपारी एकला फोन केला.

सर्व सांगितले. कागदावरची कारणे वाचली नाहीत. आंघोळीचे खोटेही सांगितले. आनंद झाला होता, तेही.

पलीकडून मुलीच्या घरातला नळ तेवढा ऐकू येत होता.

"कितवा डोळा बसवलात?" शेवटी तिने विचारले.

"खालून दुसरा आणि तिसरा. दुसरा बहुधा वाया गेला. माझ्यामुळे."

"पट्टी कुठून सुरू केली?"

"खालून वर."

"डोळ्याच्या टोकावर नाही ना आली?"

"नाही."

"बरं." आणि मग, "मी तुम्हाला सांगायला आले होते हो, त्या दिवशी सकाळी. चहाच्या वेळी. तुमच्याकडे प्रश्न घेऊन आलं की तुम्ही प्रश्नच दुरुस्त करायला घेता. शेवटी माणूस प्रश्न घेऊन दुसरीकडे जातं."

मी उत्तर दिले नाही. मला अनेक उत्तरे सुचली होती.

"आता ठेवते," ती म्हणाली. "मला रडायचंय थोडं."

२७ जानेवारी

रानफुटव्याला सात पाने असतात. याला सात आहेत. म्हणून हा रानफुटवा. सर्व कावळे काळे असतात. ही छत्री काळी आहे. म्हणून ही छत्री कावळा. दुसरे उदाहरण मी चौतीस वर्षे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहीत आलो. मुले हसत. एवढी ढोबळ चूक कोण करेल, असे एकदा कोणीतरी विचारले होते. मी म्हणालो होतो, ज्याला निष्कर्ष आधीच हवा असतो तो.

३ फेब्रुवारी

फोनवर ती रोज बोलते. माझ्या गोळ्या, दूधवाला, मुलीचे टाके. कुंडीचे नाव काढत नाही. मीही नाही. पहिला डोळा काळा पडला.

१० फेब्रुवारी

पत्नी आज परतली. पिशवी फाटकाशी ठेवून ती आधी समोर गेली. कारण कुंडी मी तेथेच राहू दिली आहे. माझ्या अंगणात ती ठेवण्याचा मला अधिकार वाटेना. मी मागोमाग गेलो नाही. तिची पिशवी आत आणली. जड होती.

आल्यावर तिने चहा केला, दोघांचा. "पट्टी बरी बांधलीयत," म्हणाली. आणि पुढे, "पण मला अजून राग आहे, हे लक्षात ठेवा."

"किती दिवस राहील?"

"बघा, परत व्याख्या!"

१९ फेब्रुवारी

आज पट्टी सोडली. मी गेलो होतो, तिने बोलावले म्हणून. तिने ती स्वतःच सोडली. मास्तर म्हणाले, "काय आहे? मला दोन दिसतायत, दोन्ही हिरवे दिसतायत!" तिने मागे न बघता हात मागे केला, आणि त्यात भिंग द्यायचे हे मला कळायला क्षण लागला. दिले.

डोळा हिरवा आहे. टोकाशी तांबूस.

"लागला," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळून, "झाड इथेच राहील, मास्तर. तिकडे नको."

सावलीचा प्रश्न मी काढणार होतो. काढला नाही.

२८ फेब्रुवारी

दुपारचे चार. ती समोर गेली आहे. मी खिडकीशी बसून लिहितो आहे आणि मत्सर आहे. अटी पूर्ण होतात की नाही हे आता तपासत नाही. माझ्या बेचाळीस झाडांवर आज निर्दोष फुले आहेत. तिकडे बोटभर कोंब आहे आणि ती दोघे त्यावर वाकून काहीतरी बोलत आहेत. मास्तरांनी काही विनोद केला असावा; ती मान मागे टाकून हसली. माझ्या विनोदावर ती अशी शेवटची कधी हसली, ते या वहीत शोधले. सापडले नाही. मी विनोद केल्याचीही नोंद नाही.

आत्ता तिने वर पाहून हात केला. बोलावण्यासाठी केला, की डोळ्यांवरचे ऊन अडवण्यासाठी, हे इथून ठरवता येत नाही. जाऊन पाहतो.